आधी कॉल लिहा, मग फंक्शन

ही ओळ वाचा.

```
दर_काढा(८.५, ९.१, ट्रू, ०, "सं")
```

दूध संकलन केंद्राच्या सॉफ्टवेअरमधली ओळ आहे. ‘दर_काढा’ हे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, आणि कंसात किमती देऊन त्याला बोलावणारी अशी ओळ म्हणजे कॉल. यात ८.५ हे फॅट आणि ९.१ हे एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), की उलट? ट्रू म्हणजे म्हैस, की गाय, की बोनस द्यायचा आहे? शून्य कशाचं? ओळ चालते, एरर येत नाही, स्लिपही छापून येते. पण ती बरोबर आहे का, हे ओळ वाचून कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी फंक्शनची फाइल उघडावी लागते.

एका केंद्राचं काम करताना माझ्या हातून फॅट आणि एसएनएफची अदलाबदल झाली होती. दर काढणारं फंक्शन आधी फॅट घ्यायचं, स्लिप छापणारं आधी एसएनएफ. दोन्ही मीच लिहिलेली, मध्ये सहा महिने गेलेले. पुढे दहा दिवसांचं बिल मोजणारा भाग लिहिला तेव्हा डोक्यात स्लिपवाला क्रम होता आणि कॉल दरवाल्या फंक्शनला केला. गाईच्या दुधात ही चूक पहिल्या दिवशीच पकडली गेली असती. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ उलटे झाले तर गाईचं दूध ८.५ फॅटचं ठरतं आणि दर कुठच्या कुठे जातो. पण ते बिल म्हशीच्या दुधाचं होतं. म्हशीच्या दुधात दोन्ही आकडे जवळजवळ असतात, त्यामुळे काहींचं बिल थोडं वाढलं, काहींचं थोडं घटलं आणि कुणाला शंका आली नाही. शेवटी एका मावशींनी दहा दिवसांच्या वीस स्लिपा पिशवीतून काढून बिलाशेजारी मांडल्या. बेरीज जुळेना.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या आकड्यांची जागा लक्षात ठेवायचं काम फंक्शन वापरणाऱ्यावर टाकलं, तर तो कधी ना कधी चुकणारच. त्याला ‘लक्ष देऊन लिही’ असं सांगून काही होत नाही. चुकीचा कॉल लिहिताच येऊ नये, किंवा लिहिला तर तो नजरेला खुपावा, अशी फंक्शनची रचना करता येते. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने लिहितो आहे. इंटरफेस म्हणताना मी फक्त नाव आणि पॅरामीटर (फंक्शनला द्याव्या लागणाऱ्या किमती) धरत नाही. क्रम, एककं, परत येणारी किंमत आणि काम बिनसलं तर काय होतं, हे सगळं त्यात आलं. कॉल करणाऱ्याला जे जे माहीत असावं लागतं, तो इंटरफेस.

उदाहरणांतली नावं मी वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत.

पायरी १: फंक्शन अस्तित्वात आहे असं समजून कॉल लिहा

आपण सहसा उलट करतो. आधी आतला हिशेब लिहितो, त्याला जे जे लागलं ते पॅरामीटर म्हणून वर चढवतो आणि मग कॉल करायला जातो. अशा फंक्शनची सही, म्हणजे नाव आणि पॅरामीटरांची यादी, आतल्या सोयीने ठरते. बाहेरच्याची सोय कुणी पाहिलेली नसते.

त्याऐवजी एक रिकामी फाइल उघडा आणि हे फंक्शन जिथून जिथून वापरलं जाणार आहे, त्यातल्या निदान तीन जागांचे कॉल लिहा. माझ्या उदाहरणात तीन जागा सरळ आहेत: काउंटरवर दूध घेताना, दहा दिवसांचं बिल करताना, आणि टेस्टमध्ये.

काउंटरवरचा कॉल लिहिताना वाटतं, फॅट, एसएनएफ आणि दुधाचा प्रकार एवढं दिलं की पुरे. दरपत्रक फंक्शन स्वतः डेटाबेसमधून आणेल. मग बिलाचा कॉल लिहायला घेतला की अडखळायला होतं. ११ तारखेला १ ते १० चं बिल करताना ६ तारखेपासून दर बदललेला असेल तर? फंक्शन स्वतः दरपत्रक आणणार असेल तर ते आजचं आणेल आणि पहिल्या पाच दिवसांचं दूधही नव्या दराने मोजेल. म्हणजे दरपत्रक बाहेरून द्यायला हवं. टेस्टचा कॉल लिहिला की हेच दुसऱ्या बाजूने दिसतं: एका गुणाकारासाठी डेटाबेस उभा करावा लागत असेल, तर फंक्शनने स्वतःकडे नको ते काम घेतलं आहे.

```
दर_काढा(नमुना, दरपत्रक)
```

तीन कॉल लिहायला दहा मिनिटं लागली आणि सही आपोआप बदलली. या पायरीवर वेळ द्या. पुढच्या बहुतेक पायऱ्या इथे सापडलेल्या अडचणी सोडवण्यासाठीच आहेत.

पायरी २: नावात क्रियापद, आणि एका क्रियापदाला एकच अर्थ

नाव वाचून दोन प्रश्नांची उत्तरं मिळावीत: हाती काय येणार, आणि कुठे काही बदलणार का? ‘दर_काढा’ म्हटलं की आकडा परत येईल आणि बाकी काही हलणार नाही. ‘नोंद_साठवा’ म्हटलं की डेटाबेसमध्ये काहीतरी लिहिलं जाणार. ‘नमुना_तपासा’ नावाचं फंक्शन तपासता तपासता फॅटचा आकडा एका दशांशावर गोल करून टाकत असेल, तर ते नाव खोटं आहे. वापरणारा ते दोनदा बोलावेल, कारण तपासणं दोनदा केलं तर कुणाचं काही बिघडत नाही, असं त्याला वाटणार.

पायथन भाषेत हा भेद नीट पाळलेला दिसतो. यादीवरचं ‘सॉर्ट’ तीच यादी जागेवर क्रमाने लावतं आणि मुद्दाम काहीच परत देत नाही. ‘सॉर्टेड’ मूळ यादीला हात न लावता नवी देतं. क्रियापद आणि विशेषण यांच्या फरकातून अर्थ कळतो. जावास्क्रिप्टमधलं ‘सॉर्ट’ मात्र मूळ यादी बदलतंही आणि तीच परतही देतं. त्यामुळे नवी यादी हाती आली असं समजून लोक पुढे जातात आणि मूळ क्रम गेलेला असतो. २०२३ च्या आवृत्तीत ‘टूसॉर्टेड’ आलं, ते यासाठीच.

टीममध्ये बसून एक छोटा शब्दकोश ठरवा. आमच्याकडे असा आहे: ‘काढा’ म्हणजे हिशेब करून द्या, ‘आणा’ म्हणजे डेटाबेसमधून किंवा नेटवर्कवरून आणा, ‘शोधा’ म्हणजे कदाचित सापडणार नाही, ‘साठवा’ म्हणजे लिहा. ‘आणा’ दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, याला वेळ लागू शकतो आणि हे लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, घालू नये. ‘प्रोसेस’, ‘हँडल’, ‘मॅनेज’ हे शब्द आम्ही बंद केले. काम काय आहे हे ठरलेलं नसलं की हे शब्द येतात.

पायरी ३: क्रम एकदा ठरवा आणि घरभर तोच ठेवा

क्रमाचा घोळ काय करतो हे पाहायचं तर पीएचपी भाषेतली जुनी फंक्शनं बघा. ‘स्ट्रपॉस’ला आधी मोठा मजकूर द्यायचा आणि मग त्यात शोधायचा तुकडा. ‘इन_ॲरे’ला आधी शोधायची वस्तू, मग यादी. ‘ॲरे_मॅप’ आधी फंक्शन घेतं, मग यादी. ‘ॲरे_फिल्टर’ आधी यादी, मग फंक्शन. यातलं कुठलंही एकटं घेतलं तर वाईट नाही. त्रास होतो तो एकत्र वापरताना, कारण एक शिकून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. पीएचपीवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही दर वेळी एडिटरच्या सूचनेकडे बघून लिहितात.

सी भाषेतही हेच. ‘एफप्रिंटएफ’ फाइल आधी घेतं, ‘एफपुट्स’ शेवटी. ‘मेमकॉपी’ला आधी कुठे न्यायचं ते आणि मग कुठून, जुन्या ‘बीकॉपी’ला बरोबर उलट. मेमरी भरणाऱ्या ‘मेमसेट’ला जागा सांगितल्यावर आधी भरायची किंमत द्यायची, मग किती बाइट. या दोघांची अदलाबदल झाली की ‘शून्य बाइट भरा’ असा हुकूम जातो, काहीच पुसलं जात नाही आणि प्रोग्रॅम निमूट पुढे चालतो. ही चूक इतकी होते की जीसीसी या कंपायलरमध्ये (कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तिच्यासाठी वेगळा इशारा घालावा लागला.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर नकाशा घ्या. पुण्याचे अक्षांश साधारण १८.५२ आणि रेखांश ७३.८६. लीफलेट ही नकाशाची लायब्ररी अक्षांश आधी मागते. जिओजेसन या फाइल प्रकारात रेखांश आधी लिहायचे असतात. एकातून काढून दुसऱ्यात तसेच भरले तर पुणे ७३.८६ उत्तर आणि १८.५२ पूर्वेला जातं: नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या थंड समुद्रात, बेअर बेटाच्या थोडं दक्षिणेला. दोन्ही आकडे अक्षांश म्हणूनही चालतात आणि रेखांश म्हणूनही, म्हणून कुठलीही तपासणी त्यांना अडवत नाही. ईशान्येचा काही भाग सोडला तर भारतातल्या कुठल्याही गावाचं हेच होईल, कारण तिथले रेखांश नव्वदच्या खालीच असतात. टोकियोचे रेखांश १३९ च्या पुढे आहेत, त्यामुळे तिथला प्रोग्रॅमर उलटं लिहील तेव्हा साधी तपासणीही त्याला थांबवेल. आपल्याला बहुतेक ठिकाणी ती सोय नाही.

क्रम कोणता निवडला यापेक्षा तो सगळीकडे एकच असणं मोलाचं आहे. तरी नव्याने ठरवायचं असेल तर मी असा धरतो: ज्याच्यावर काम करायचं ते आधी, ज्याच्या आधारे करायचं ते मग, आणि बारीकसारीक पर्याय शेवटी. नमुना, मग दरपत्रक, मग गोल कसं करायचं ते. दोन टोकं असतील, एकीकडून दुसरीकडे न्यायचं असेल, तर ‘कुठून’ आधी आणि ‘कुठे’ मग, कारण मराठीत आपण तसंच बोलतो. तुमच्या कोडमध्ये आधीपासून उलटा क्रम रुळलेला असेल तर मात्र माझं ऐकू नका, रुळलेलाच पाळा.

पायरी ४: शेजारी शेजारी एकाच जातीचे दोन आकडे ठेवू नका

क्रम कितीही नीट ठरवला तरी फॅट आणि एसएनएफ दोन्ही दशांश संख्याच. कंपायलरला त्यांच्यातला फरक कळत नाही. इथे दोन उपाय आहेत.

पहिला, नावानिशी आर्ग्युमेंट, म्हणजे कॉलमध्ये दिलेली प्रत्येक किंमत तिच्या नावासह. पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, सहीत एक तारा टाकला की त्याच्या पुढचे सगळे पॅरामीटर नाव लिहूनच द्यावे लागतात. पीएचपीत नावानिशी आर्ग्युमेंट २०२० मध्ये आवृत्ती ८ बरोबर आली. कोटलिन आणि स्विफ्टमध्येही सोय आहे. मग कॉल असा दिसतो:

```
नमुना = दूध_नमुना(फॅट=८.५, एसएनएफ=९.१, प्रकार=प्रकार.म्हैस)
```

ही ओळ दूध घालायला आलेल्या माणसालाही तपासता येईल. स्लिप हातात धरून तो सांगेल, बरोबर आहे की नाही.

दुसरा उपाय, लहानशी रचना. वर ‘दूध_नमुना’ केला आहे तो हाच. एकदा यंत्रातून आकडे आले की त्यांना तिथेच या रचनेत बंद करायचं. पुढे सगळीकडे आकडे फिरत नाहीत, नमुना फिरतो. दर काढणारं, स्लिप छापणारं, बिल करणारं, सगळी फंक्शनं नमुनाच घेतात. अदलाबदल व्हायची जागा एकच उरते, आणि तीही नावानिशी भरलेली. जावा, गो, सी अशा भाषांत नावानिशी आर्ग्युमेंट नाहीत, तिथे हाच मार्ग आहे. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट पाठवून तेच साधतं.

रचनेचा आणखी एक फायदा. ‘दूध_नमुना’ बनतानाच फॅट आणि एसएनएफ आपापल्या मर्यादेत आहेत का, ते एकदा तपासता येतं. मग पुढच्या फंक्शनांना ती तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

पॅरामीटर किती असावेत याचा नियम मी सांगत नाही. तीनच्या पुढे गेले की मी थांबतो आणि विचारतो, यातले कुठले दोन नेहमी एकत्रच प्रवास करतात? ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीचे तुकडे असतात.

पायरी ५: ट्रू-फॉल्स पाठवायच्या आधी थांबा

सुरुवातीच्या ओळीतला ‘ट्रू’ म्हणजे म्हैस होता. कॉलमध्ये उघडा पडलेला ट्रू कधीच स्वतःचा अर्थ सांगत नाही. शिवाय आज दोन प्रकार आहेत म्हणून ट्रू-फॉल्स पुरतं. उद्या केंद्रावर मिश्र दूध घ्यायचं ठरलं की तिसरी किंमत कुठून आणणार? त्याऐवजी नाव असलेली निवड ठेवा: प्रकार.गाय, प्रकार.म्हैस, प्रकार.मिश्र.

ट्रू-फॉल्समुळे फंक्शनचं वागणंच बदलत असेल, जसं ‘स्लिप_तयार_करा(नोंद, ट्रू)’ आणि ट्रू असेल तर प्रिंटरला पाठवा, तर ती दोन फंक्शनं आहेत. वेगळी करा.

पायरी ६: एकक नावात किंवा प्रकारात दिसलं पाहिजे

दूध काही केंद्रांवर लिटरने मोजतात, काही ठिकाणी काट्यावर किलोने. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १०० लिटर दूध सुमारे १०३ किलो भरतं. ‘प्रमाण’ नावाच्या पॅरामीटरमध्ये किलो आले आणि आत लिटरचा दर लागला, तर तीन टक्क्यांची चूक झाली. तीन टक्के हा वाईट आकडा आहे: डोळ्यांना दिसत नाही आणि महिन्याच्या हिशेबात मोठा होतो. म्हणून ‘प्रमाण’ नको, ‘लिटर’ म्हणा.

रकमेचंही तेच. अनेक पेमेंट गेटवे रक्कम पैशांत मागतात. ५०० रुपयांसाठी ५०००० पाठवायचे असतात. ‘रक्कम’ या नावातून ते कळत नाही, ‘रक्कम_पैसे’ या नावातून कळतं. पैसे पूर्णांकात ठेवले की दशांशांच्या गोळाबेरजेतले घोळही टळतात.

वेळेचा घोळ तर भाषाभाषांमध्ये आहे. पायथनचं ‘स्लीप’ सेकंद घेतं, जावाचं ‘थ्रेड.स्लीप’ मिलिसेकंद, जावास्क्रिप्टचं ‘सेटटाइमआउट’ही मिलिसेकंद. गो भाषेने यावर चांगला तोडगा काढला: तिथे कालावधी हा स्वतंत्र प्रकार आहे आणि ‘५ गुणिले सेकंद’ असं लिहायचं असतं. पण तिथेही नुसता ५ लिहिला तर तो चालतो, आणि त्याचा अर्थ होतो ५ नॅनोसेकंद. म्हणजे प्रकार केला तरी कच्ची संख्या आत शिरायची फट राहू शकते. ती बंद आहे का, ते बघा.

एककाच्या घोळाची एक महागडी गोष्ट नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची. डिसेंबर १९९८ मध्ये निघालेलं हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी पोचलं आणि हरवलं. थ्रस्टरच्या धक्क्यांचा हिशेब करणारं जमिनीवरचं सॉफ्टवेअर पाउंड-बल-सेकंदांत आकडे देत होतं. ते घेणारं, यानाचा मार्ग काढणारं सॉफ्टवेअर न्यूटन-सेकंद गृहीत धरत होतं. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. दोन्ही बाजूंचा आतला हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. चूक दोघांच्या मधल्या जागेत होती. इंटरफेस म्हणजे तीच जागा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक एकक आहे, ज्याला कुणी एकक म्हणत नाही: अक्षर. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? आपण म्हणू तीन. पायथन आणि जावास्क्रिप्ट सांगतील पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. गो भाषेचं ‘लेन’ पंधरा सांगेल, कारण ते यूटीएफ-८ (मजकूर साठवायची एक पद्धत) मधले बाइट मोजतं. स्विफ्टचं ‘काउंट’ आपल्यासारखं तीन सांगतं. आता शेतकऱ्याला मराठीत एसएमएस पाठवायचा आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात. देवनागरी आलं की मर्यादा ७० वर येते, आणि त्या ७० मध्ये काना-मात्रा वेगळ्या धरल्या जातात. ‘मजकूर_कापा(मजकूर, ७०)’ या फंक्शनने काय मोजायचं? बाइट मोजून कापलं तर एखादं अक्षरच फुटेल. कोडपॉइंट (काना, वेलांटी वेगळी धरून प्रत्येक चिन्ह) मोजून कापलं तर ‘ठी’ची वेलांटी मागे राहून ‘मराठ’ पोचेल. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना दोन वेगळी नावं हवीत: मर्यादा कोडपॉइंटमध्ये पाळायची, पण कापायचं मात्र पूर्ण अक्षराच्या सीमेवर. मी पॅरामीटरचं नावच ‘कमाल_कोडपॉइंट’ ठेवतो आणि खाली एक वाक्य लिहितो, की अक्षर कधीही अर्धं तोडलं जाणार नाही.

पायरी ७: ‘नाही मिळालं’ हे उत्तर आधी ठरवा

दरपत्रकात त्या फॅटची ओळच नसेल तर ‘दर_काढा’ने काय द्यावं? माझ्या पहिल्या आवृत्तीत शून्य दिलं होतं. मोठी चूक. शून्य ही खरीखुरी किंमत आहे. ती गुणाकारात जाते, बेरजेत जाते आणि शेवटी एखाद्याच्या बिलात त्या वेळचं दूध फुकट धरलं जातं.

या चुकीला मोठी परंपरा आहे. सीचं ‘ए-टू-आय’ मजकुरात संख्या नसली तरी शून्य देतं, त्यामुळे ‘०’ लिहिलं होतं की कचरा, ते कळत नाही. पीएचपीचं ‘स्ट्रपॉस’ न सापडल्यास फॉल्स देतं, आणि अगदी सुरुवातीला सापडल्यास शून्य. साध्या ‘इफ’मध्ये दोन्ही सारखेच. पायथनचं ‘फाइंड’ न सापडल्यास उणे एक देतं, आणि पायथनमध्ये उणे एक ही शेवटच्या घटकाची वैध जागा आहे! तो आकडा न तपासता पुढे वापरला तर एरर येत नाही, भलतंच अक्षर हाती येतं.

ठरवायची पद्धत अशी. न मिळणं हा रोजचा प्रसंग आहे का? ‘सभासद_शोधा’ला नंबर चुकीचा मिळणं रोजचं आहे. तिथे ‘काही नाही’ हे स्पष्ट उत्तर परत द्या: नन, नल, ऑप्शन, तुमच्या भाषेत जे असेल ते. न मिळणं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे का? दरपत्रकात ओळ नसणं हा बिघाड आहे. तिथे एक्सेप्शन फेका, म्हणजे एरर देऊन काम थांबवा, आणि त्यात फॅट, एसएनएफ आणि दरपत्रकाची तारीख लिहा, म्हणजे फोनवरून मदत करणाऱ्याला दुसरं काही विचारावं लागणार नाही. यादी देणारं फंक्शन असेल तर काही नसताना रिकामी यादी द्या. नल दिलं तर प्रत्येक कॉल करणाऱ्याला लूपच्या आधी एक तपासणी लिहावी लागते आणि कुणीतरी ती विसरतं.

एका मॉड्यूलमध्ये या पद्धती मिसळू नका. पायरी २ मधला शब्दकोश इथे कामी येतो: ‘शोधा’ने सुरू होणारं फंक्शन नन देऊ शकतं, ‘आणा’ आणि ‘काढा’ कधीच नाही. नाव वाचलं की तपासणी हवी की नको, ते कळतं.

पायरी ८: न दिलेल्या किमतींकडे संशयाने बघा

डिफॉल्ट किंमत म्हणजे कॉल करणाऱ्याच्या वतीने आपण घेतलेला निर्णय. ‘प्रती=१’ ठीक आहे; स्लिप एकच छापायची असते. ‘तारीख=आज’ धोक्याचं आहे. काउंटरवर ते बरोबर चालतं, आणि जुनं बिल पुन्हा काढताना कुणीतरी तारीख द्यायला विसरलं की गुपचूप आजचा दर लागतो. विसरल्यावर एरर यायला हवी अशी गोष्ट डिफॉल्ट करू नका.

पायथनमध्ये डिफॉल्ट म्हणून रिकामी यादी ठेवायची नाही, कारण ती फंक्शन बनताना एकदाच तयार होते. पहिल्या कॉलने तिच्यात घातलेलं दुसऱ्या कॉलला दिसतं, म्हणजे सकाळच्या पहिल्या शेतकऱ्याच्या नोंदी दुसऱ्याच्या खात्यात. नन ठेवा आणि आत नवी यादी करा.

पायरी ९: चालू घरात भिंत हलवताना

इथपर्यंत वाचून जुन्या कोडमधली सगळी फंक्शनं एका रात्रीत बदलावीशी वाटतील. तसं करू नका. दोन सारख्या आकड्यांचा क्रम बदलणं हा सगळ्यात घातक बदल आहे, कारण जुने कॉल तसेच चालत राहतात आणि चुकीचं उत्तर देतात. क्रम बदलायचा असेल तर नावही बदला, म्हणजे राहिलेला जुना कॉल एरर देऊन स्वतःच हजर होईल.

पीएचपीने ‘इम्प्लोड’चं काय केलं ते बघण्यासारखं आहे. हे फंक्शन यादीतले तुकडे जोडून मजकूर करतं, आणि फार वर्षं ते जोडणारं चिन्ह आधी द्या किंवा नंतर, दोन्ही चालवून घ्यायचं. हे औदार्य पुढे महागात पडलं. दोन्ही क्रमांत लिहिलेलं कोड जगभर पसरलं. २०१९ मध्ये आवृत्ती ७.४ ने उलट्या क्रमाला इशारा द्यायला सुरुवात केली, २०२० मध्ये आवृत्ती ८ ने तो बंद केला. इशारा आणि बंदी यांच्यात ठेवलेला तो अवधी तुमच्या छोट्या प्रकल्पातही ठेवा.

मी केलं ते असं. नवं ‘दर_काढा’ नमुना घेणारं लिहिलं. जुन्याचं नाव ‘जुना_दर_काढा’ केलं, त्याच्या आतून नव्यालाच कॉल केला आणि प्रत्येक वापराला लॉगमध्ये एक ओळ टाकली: कुठल्या फाइलमधून, कुठल्या ओळीतून. मग शोध घेऊन एकेक कॉल बदलत गेलो. प्रत्येक बदलानंतर मागच्या महिन्याची बिलं जुन्या आणि नव्या, दोन्ही मार्गांनी काढून पैशापर्यंत जुळवली. जिथे जुळली नाहीत तिथे आधी समजलं की चूक जुन्यात होती, की मी नवी केली.

बदललेला कॉल कमिट करण्याआधी तो एका सहकाऱ्याला फक्त वाचून दाखवायचा, असा नियमही तेव्हा लावला. फंक्शनचं कोड दाखवायचं नाही. ही ओळ काय करते आणि प्रत्येक आकडा कशाचा, हे त्याने सांगायचं. तो अडखळला तर नाव किंवा सही बदलायची. त्याला समजावून सांगत बसायचं नाही, कारण पुढच्या वाचणाऱ्याला समजावायला आपण शेजारी बसलेलो नसतो.

शेवटचा जुना कॉल स्लिप छापणाऱ्या भागात सापडला, सहा महिन्यांच्या अंतराने उलटा क्रम घेऊन लिहिलेला तोच. मग स्लिपच्या फंक्शनचा कॉलही असा झाला:

```
स्लिप_छापा(नमुना, लिटर=४.५, रक्कम_पैसे=रक्कम, वेळ=वेळ.संध्याकाळ)
```

लॉगमध्ये सलग दोन बिलं, म्हणजे वीस दिवस, जुन्या नावाची एकही ओळ आली नाही. एकविसाव्या दिवशी ‘जुना_दर_काढा’ काढून टाकलं.